सांगली ते फ्रीमाँट: तिकिटावर साडेनऊ तास, मग खरा प्रवास किती तासांचा?

शेवंती (३ मे, रात्री ९:१०)

नमस्कार मंडळी. लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघाले आहे. ती फ्रीमाँटला असते, सॅन फ्रान्सिस्कोपासून जवळच. ह्यांना दुकान सोडून येता येत नाही, त्यामुळे मी एकटीच जाणार. याआधी विमानात एकदाच बसले आहे, पुणे ते दिल्ली.

तिकीट जावयांनी काढलंय. मंगळवारी पहाटे २:५०ला मुंबईहून निघायचं, सकाळी ८ वाजता फ्रँकफर्ट. तिथून १०:०५चं दुसरं विमान, ते सॅन फ्रान्सिस्कोला दुपारी १२:२५ला पोचतं, तेही मंगळवारीच. येताना ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सोमवारी दुपारी २:१५ला तिथून निघायचं, आणि मुंबईत पोचायची वेळ आहे मंगळवार उलटून बुधवार लागल्यावर रात्री १२:४५.

मी कागदावर वजाबाकी केली. जाताना ९ तास ३५ मिनिटं. येताना ३४ तास ३० मिनिटं. दोन्हीकडच्या घड्याळांत फरक असतो हे ठाऊक आहे, पण तो कुठे मिळवायचा आणि कुठे वजा करायचा हे समजत नाही. मग मुंबई–सॅन फ्रान्सिस्को अंतर शोधलं. ते साडेतेरा हजार किलोमीटर निघालं. विमान ताशी ९००ने जातं असं धरून भागलं तर १५ तास येतात. म्हणजे माझ्याकडे तीन उत्तरं झाली.

विचारण्याचं कारण असं की मला दिवसातून दोनदा इन्सुलिन घ्यावं लागतं. सकाळी ८ आणि रात्री ८, जेवणाआधी. शनिवारी डॉक्टरांकडे जायचंय. ते पहिला प्रश्न विचारतील की प्रवास किती तासांचा. त्यांना सांगायला नीट आकडा हवा आहे. कुणी समजावून सांगेल का?

बे एरियाकर (३ मे, रात्री १०:०२)

काकू, अभिनंदन! आणि काळजी करू नका, हिशोब सोपा आहे. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. म्हणून आधी सगळ्या वेळा भारतीय करून घ्या, मगच वजाबाकी करा.

मे ते ऑक्टोबर या काळात कॅलिफोर्निया भारताच्या साडेबारा तास मागे असतं आणि जर्मनी साडेतीन तास मागे. म्हणजे त्यांच्या वेळेत एवढे तास मिळवले की आपली वेळ मिळते.

मुंबई सुटलं: मंगळवार पहाटे २:५०
फ्रँकफर्टला पोचलं: सकाळचे ८ + ३:३० = आपले ११:३०
फ्रँकफर्ट सुटलं: १०:०५ + ३:३० = आपले दुपारी १:३५
सॅन फ्रान्सिस्को: १२:२५ + १२:३० = आपले बुधवार रात्री १२:५५

पहिलं विमान ८ तास ४० मिनिटं, मध्ये थांबा २ तास ५ मिनिटं, दुसरं विमान ११ तास २० मिनिटं. एकूण २२ तास ५ मिनिटं.

परतीचंही तसंच. सोमवार दुपारी २:१५ म्हणजे आपली मंगळवारची पहाट, २:४५. मुंबईत रात्री १२:४५. बरोबर २२ तास. तुमचे साडेनऊ आणि साडेचौतीस हे दोन्ही आकडे घड्याळांच्या फरकामुळे आले. एकातून साडेबारा तास कमी झाले, दुसऱ्यात साडेबारा वाढले.

पुढेमागे हिवाळ्यात आलात तर एक लक्षात ठेवा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे जातात आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा पुढे येतात. मधल्या काळात फरक साडेतेरा तासांचा असतो.

शेवंती (३ मे, रात्री १०:४०)

तुमचे उपकार कसे मानू. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे पुन्हा मांडलं, मलाही २२ तास ५ मिनिटंच आले. ह्यांनाही दाखवलं.

पण मग अंतराचं काय? साडेतेरा हजार भागिले ९०० हे १५ येतात. विमानातच २० तास जाणार असतील तर मधले ५ तास कुठे गेले?

नकाशावेडा (४ मे, सकाळी ७:१५)

शेवंतीताई, तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवला. तुमचा प्रश्न वाचला आणि कपाटावरचा पृथ्वीगोल खाली काढला.

तुम्हाला मिळालेलं अंतर सरळ अंतर आहे. गोलावर सरळ म्हणजे बृहत्‌वृत्तावरून, गोलाचे बरोबर दोन अर्धे करणाऱ्या वर्तुळावरून. एक दोरा घ्या, एक टोक मुंबईवर आणि दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर धरा आणि ताण द्या. भिंतीवरच्या नकाशात अमेरिका डावीकडे दिसते, त्यामुळे दोरा पश्चिमेला जाईल असं वाटतं. तो जातो जवळजवळ थेट उत्तरेला, किंचित पूर्वेकडे झुकून, मुंबईतून निघताना उत्तरेपासून १४ अंशांवर. काश्मीरच्या बाजूने मध्य आशियात, तिथून सैबेरिया, मग आर्क्टिक महासागर. ७६ ते ७७ उत्तर अक्षवृत्ताच्या दरम्यान तो सर्वांत वर पोचतो आणि अलास्कावरून खाली कॅलिफोर्नियाला उतरतो. हे अंतर साधारण १३,५१० किलोमीटर भरतं. पृथ्वीवर कोणत्याही दोन ठिकाणांमधलं सरळ अंतर जास्तीत जास्त २०,००० किलोमीटरच असू शकतं. त्याच्या दोन तृतीयांश अंतरावर तुमची लेक राहते.

तुम्ही मात्र फ्रँकफर्टवरून जाणार. आता दोऱ्याचे दोन तुकडे करा. मुंबई–फ्रँकफर्ट सुमारे ६,५७० आणि फ्रँकफर्ट–सॅन फ्रान्सिस्को सुमारे ९,१५०. बेरीज १५,७२०. सरळ वाटेपेक्षा २,२०० किलोमीटर जास्त. तुमच्या पाच तासांपैकी जवळजवळ अडीच इथेच सापडले.

दुबईवरून गेलात तर मुंबई–दुबई १,९३० आणि दुबई–सॅन फ्रान्सिस्को १३,०४०, म्हणजे बेरीज १४,९७०. सिंगापूरवरून ३,९१० आणि १३,५९०, बेरीज १७,५००. हे सगळे आकडे विमानतळ ते विमानतळ सरळ दोऱ्याचे आहेत.

दुसऱ्या टप्प्यात दिवसाउजेडी ग्रीनलँडच्या बाजूने जाल. फ्रँकफर्टहून निघालेला दोरा ६७ उत्तर अक्षवृत्तापर्यंत चढतो, आर्क्टिक वृत्ताच्या किंचित पलीकडे. खिडकीपाशी बसायला मिळालं आणि ढग नसले तर बर्फाचं पठार आणि समुद्रात उतरणाऱ्या हिमनद्या दिसतात. मी आयुष्यभर फळ्यावर काढलेली ती गोष्ट तुम्ही डोळ्यांनी पाहाल. जरूर बघा.

रानवारा (४ मे, सकाळी ९:३०)

सर, छान समजावलंत. एक शंका आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग विमान पश्चिमेला निघालं की अमेरिका त्याच्याकडे फिरत यायला हवी आणि प्रवास लवकर संपायला हवा. पण काकूंच्या तिकिटात जाताना २० तास उड्डाण आहे आणि येताना त्याहून कमी दिसतंय. उलटं कसं?

रात्रपाळी (४ मे, दुपारी १२:२०)

या प्रश्नावर माझी नोकरी गेली, म्हणजे अख्खी नोकरी याच कामात झाली. मी फ्लाइट डिस्पॅचर होतो. विमान कोणत्या वाटेने न्यायचं, किती उंचीवर, किती इंधन घ्यायचं, याचा आराखडा आम्ही करतो आणि कॅप्टनबरोबर त्यावर सही करतो.

रानवारा, तुमचा प्रश्न बरोबर आहे, फक्त एक गोष्ट राहून गेली. सहारला, म्हणजे मुंबई विमानतळावर, उभं असलेलं विमानसुद्धा जमिनीबरोबर पूर्वेला ताशी १,५८० किलोमीटरने फिरत असतं. उडाल्यावर तो वेग सुटत नाही, आणि भोवतालची हवाही पृथ्वीबरोबरच फिरत असते. त्यामुळे पृथ्वीच्या फिरण्याने विमानाची वाट थेट कमी किंवा जास्त होत नाही.

फरक पडतो वाऱ्याने. दहा-बारा किलोमीटर उंचीवर, मध्य अक्षांशांत, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो. त्याच्या वेगवान पट्ट्याला आम्ही जेट स्ट्रीम म्हणतो. हिवाळ्यात त्याचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर सहज जातो. विमानाचा वेग मोजायचा तो भोवतालच्या हवेच्या तुलनेत, साधारण ताशी ९००. वारा पाठीशी असला तर जमिनीवरचा वेग हजाराच्या पुढे जातो, समोरून असला तर आठशेच्या खाली येतो. नदीतल्या होडीसारखंच आहे हे. म्हणून काकू, तुमचं मुंबई–फ्रँकफर्ट ८:४० आणि फ्रँकफर्ट–मुंबई ८:१०. पुढच्या टप्प्याचंही तसंच, ११:२० आणि १०:४५.

याचं सर्वांत सुंदर उदाहरण आपल्याच देशातलं आहे. एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान आधी युरोप आणि अटलांटिकवरून जायचं. अंतर सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६मध्ये त्यांनी ते पूर्वेला वळवलं, पॅसिफिक महासागरावरून. अंतर झालं सुमारे १५,३०० किलोमीटर, म्हणजे १,४०० किलोमीटर जास्त. आणि विमान पोचलं साडेचौदा तासांत, पूर्वीपेक्षा लवकर. भागाकार करून बघा, ताशी सरासरी १,०५५ येते. एवढा वेग विमानाच्या इंजिनाचा नव्हता, त्यात वाऱ्याचा मोठा वाटा होता. त्या वेळी जगातल्या सर्वांत लांब विनाथांबा उड्डाणांत त्याची गणना झाली. नकाशावर जवळची वाट आणि घड्याळावर जवळची वाट या वेगळ्या असू शकतात, हे मी नव्या मुलांना शिकवताना कायम याच उड्डाणावरून सांगत असे.

आता उरलेले अडीच तास. तिकिटावरचा वेळ हवेतला नसतो. विमान गेटपासून मागे ढकललं जातं तिथून तो सुरू होतो आणि दुसऱ्या गेटला थांबतं तिथे संपतो. मुंबईत दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. रात्रीच्या गर्दीत रांगेत वीस-पंचवीस मिनिटं जाणं नेहमीचं. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो. शिवाय अगदी सरळ दोऱ्यावरून कुणीच उडत नाही.

नकाशावेडा (४ मे, दुपारी १:०५)

तेच विचारणार होतो. का उडत नाही? मुंबई–सॅन फ्रान्सिस्को दोरा काराकोरम आणि तिएन शानवरून जातो. डोंगर अडवतात का?

रात्रपाळी (४ मे, दुपारी ३:४०)

सर, डोंगर आठ हजार मीटरचे आणि विमान दहा-अकरा हजारांवर, म्हणजे आपटण्याचा प्रश्न नसतो. प्रश्न येतो केबिनमधला हवेचा दाब गेला तर. तेव्हा विमानाला लगेच १०,००० फुटांपर्यंत, म्हणजे तीन हजार मीटरवर खाली यावं लागतं, कारण प्रवाशांच्या डोक्यावरच्या मुखवट्यांतला प्राणवायू थोडा वेळच पुरतो. तिबेटचं पठारच साडेचार हजार मीटर उंच. तिथे खाली यायला जागाच नसते. म्हणून त्या भागावरून मोजक्याच वाटा आहेत आणि प्रत्येक वाटेवर 'इथे दाब गेला तर कुठून खाली सुटायचं' हे आधी लिहून ठेवलेलं असतं.

उत्तर ध्रुवाकडच्या वाटांवर वेगळी काळजी घ्यावी लागते. बाहेर थंडी इतकी असते की टाकीतलं इंधन किती गार झालंय यावर सतत नजर ठेवतात. जेट ए-१ इंधन उणे ४७ अंशांना गोठू लागतं. त्या आधीच कॅप्टन उंची बदलतो किंवा वेग वाढवतो.

आणि तिसरं कारण राजकारण. २४ एप्रिल २०२५पासून पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमानांना बंद केली, मग ३० एप्रिलपासून भारतानेही त्यांच्या विमानांना. दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या भारतीय विमानांना खाली अरबी समुद्रापर्यंत येऊन वळसा घालावा लागला. मुंबईहून जाणाऱ्यांना तो वळसा तुलनेने कमी. परदेशी कंपन्यांच्या विमानांना ती बंदी लागू नव्हती. २०२२पासून युरोप-अमेरिकेच्या कंपन्या रशियावरून जात नाहीत, आपली विमानं जाऊ शकतात. जून २०२५मध्ये इराण-इस्रायल संघर्षात इराण आणि इराकचं आकाश बंद झालं, तेव्हा युरोपच्या वाटा रातोरात बदलल्या. अशा एकेका रात्री आमच्या खोलीत कुणी चहालासुद्धा उठायचं नाही.

काकू, यातलं काही तुमच्या दिवशी घडलं तर प्रवास अर्धा-पाऊण तास वाढेल. म्हणून डॉक्टरांना २२ सांगताना '२२ ते २४' सांगा.

वारणाकाठ (४ मे, संध्याकाळी ६:५०)

माझं मत वेगळं आहे. साठीच्या पुढच्या माणसाने थेट विमानानेच जावं. आईला मी थांब्याच्या विमानाने पाठवलं होतं. मधल्या विमानतळावर व्हीलचेअर यायला उशीर झाला, तिला भाषा येईना, आणि दुसऱ्या विमानाचं दार बंद व्हायला दहा मिनिटं उरली होती. घरी आम्ही सगळे फोनकडे बघत बसलो होतो. दोन-चार तास वाचतात म्हणून मी हे म्हणत नाही, तो मधला तास फार कठीण जातो.

रात्रपाळी (४ मे, संध्याकाळी ७:३०)

तुमचं म्हणणं पटतं. पण थेट विमान असणं आणि ते थेट राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एअर इंडियाने डिसेंबर २०२२मध्ये मुंबई–सॅन फ्रान्सिस्को थेट सुरू केलं, बोइंग ७७७-२००एलआर या खास लांब पल्ल्याच्या विमानाने. पाकिस्तानची हद्द बंद झाल्यावर २०२५मध्ये त्या उड्डाणांना कोलकात्याला थांबून इंधन घ्यावं लागलं. इतक्या लांबच्या उड्डाणात हाताशी फार थोडं उरतं. इंधन जास्त भरलं तर ते इंधन वाहून न्यायलाच आणखी इंधन जळतं. त्यात मुंबईचा उन्हाळा. गरम हवा विरळ असते, त्यामुळे तेवढ्याच धावपट्टीवरून तेवढं वजन उचलता येत नाही.

सध्या नियमित उडणाऱ्यांत सर्वांत लांब सिंगापूर–न्यूयॉर्क आहे, सुमारे १५,३५० किलोमीटर, साधारण पावणेएकोणीस तास. त्यासाठी एअरबस ए३५०-९००यूएलआर हे विमान खास बनवलं आणि त्यात फक्त १६१ आसनं ठेवली. साध्या इकॉनॉमीची एकही नाही. अंतराची किंमत अशी मोजावी लागते.

बे एरियाकर (४ मे, रात्री ८:१५)

वारणाकाठ, व्हीलचेअरचं अगदी खरं. काकू, जावयांना आत्ताच कंपनीला फोन करून दोन्ही टप्प्यांसाठी व्हीलचेअर नोंदवायला सांगा. चालता येत असलं तरी घ्या. फ्रँकफर्टला सुरक्षा तपासणी पुन्हा होऊ शकते, आणि दोन तास तसे पुरेसे असले तरी तिथे रस्ता शोधत बसायला नको. एका कागदावर मोठ्या अक्षरांत पुढच्या विमानाचा नंबर, वेळ आणि लेकीचा फोन लिहून पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा. माझ्या आईने तो कागद फक्त पुढे केला होता, बोलावं लागलं नाही.

निशिगंध (४ मे, रात्री ९:४५)

मी रुग्णालयात औषधनिर्माती आहे. अंतराची चर्चा वाचताना इन्सुलिनचा मूळ प्रश्न मागे पडू नये म्हणून लिहिते.

इन्सुलिन हातातल्या पिशवीतच ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको. सामानाच्या कप्प्यात ते गोठण्याची भीती असते, आणि गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वितळलं तरी वापरायचं नाही. लागतं त्याच्या दुप्पट घ्या, पेन आणि सुया दोन ठिकाणी विभागून. डॉक्टरांचं इंग्रजीत पत्र आणि प्रिस्क्रिप्शन सोबत असू द्या. साखरेच्या पुड्या किंवा ग्लुकोजच्या गोळ्या खिशात ठेवा, डोक्यावरच्या कप्प्यात नको.

आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली. तुमच्या दोन मात्रांमध्ये बारा तासांचं अंतर आहे आणि कॅलिफोर्निया साडेबारा तास मागे. म्हणजे आपल्या सकाळच्या ८ला तिथे आदल्या संध्याकाळचे ७:३० होतात, आणि आपल्या रात्रीच्या ८ला तिथे सकाळचे ७:३०. तुमच्या वेळा तिथे पोचल्यावरही जवळजवळ जेवणाच्याच वेळेला येतात, फक्त सकाळ आणि रात्र यांची अदलाबदल होते. सकाळची आणि रात्रीची मात्रा सारखी नसेल तर कुठे काय घ्यायचं हे डॉक्टरच ठरवतील. त्यांना हा तासांचा तक्ता दाखवा. स्वतःहून कमीजास्त काही करू नका.

विमानात एवढंच लक्षात ठेवा: जेवणाचं ताट प्रत्यक्ष समोर आल्यावरच घ्या. गाडी पुढच्या रांगेत दिसली म्हणून घेऊ नका. मध्येच विमान हलायला लागलं तर वाढप थांबवतात.

नकाशावेडा (४ मे, रात्री १०:१०)

निशिगंध, हे फार मोलाचं सांगितलंत. रेखावृत्तांचा हिशोब मी मुलांना 'दर अंशाला चार मिनिटं' असा घोकवला. कुणाची औषधाची वेळ त्यावर चालते हे कधी मनात आलं नव्हतं.

दक्षिणायन (५ मे, सकाळी ६:२०)

मेलबर्नहून लिहितोय. पश्चिमेकडून येणारा वारा दक्षिण गोलार्धातही असतो. मुंबई–मेलबर्न सुमारे ९,८०० किलोमीटर, इकडे येताना प्रवास लवकर होतो आणि घरी जाताना तासाभराने जास्त लागतो. आईबाबा दरवर्षी विचारतात, आता त्यांना हा धागा पाठवतो.

शेवंती (९ मे, रात्री ८:५०)

डॉक्टरांकडे जाऊन आले. तक्ता त्यांच्यापुढे ठेवला तर त्यांनी विचारलं, कुणी करून दिला? म्हटलं, माझ्या ओळखीचे लोक आहेत.

सकाळची मात्रा माझी जास्त असते, रात्रीची कमी. त्यांनी सगळं भारतीय वेळेत लिहून दिलं. पहिल्या विमानात उतरण्याच्या दोनएक तास आधी नाश्ता येतो, म्हणजे आपले साडेनऊ. सकाळची मात्रा तेव्हा, नाश्ता समोर आल्यावर. दुसऱ्या विमानात आपल्या आठच्या सुमाराला जे खाणं येईल त्याच्या आधी रात्रीची. पोचल्यावर लेकीच्या घरी संध्याकाळच्या जेवणाला किती घ्यायची ते वेगळ्या रंगाने लिहिलंय, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून तिथल्या घड्याळाने नेहमीसारखं. प्रत्येक वेळी आधी साखर तपासायची. हे माझ्यापुरतं आहे, दुसऱ्या कुणी यावरून घेऊ नका, असं त्यांनीच बजावलंय.

दर दोन तासांनी उठून चालायला सांगितलंय आणि पाणी पीत राहायला. ह्यांनी जुनं काट्याचं घड्याळ दुरुस्त करून आणलंय. ते मी भारतीय वेळेवरच ठेवणार.

शेवंती (२० मे, सकाळी ९:२५)

मंडळी, पोचले. तुम्ही सगळ्यांनी एवढं मनापासून सांगितलंत म्हणून खरे आकडे लिहिते, पुढच्या कुणाला उपयोगी पडतील.

सांगलीहून सोमवारी सकाळी ११ला गाडीने निघालो. पुण्यात बहिणीकडे जेवण, मग द्रुतगती मार्गावर घाटात गर्दी. सहारला रात्री साडेआठला. विमान गेटपासून २:५५ला हललं आणि प्रत्यक्ष उडालं ३:२२ला. रात्रपाळींनी सांगितलं होतं तसंच रांगेत उभं होतं. फ्रँकफर्टला वेळेआधी दहा मिनिटं. व्हीलचेअरवाली मुलगी दारातच उभी होती. कागद दाखवला, तिने मान हलवली, बोलण्याची वेळच आली नाही.

सर, ग्रीनलँड दिसलं. खिडकीपाशी एक जर्मन आजी होत्या, मी हाताने खूण केली तर त्यांनी उठून मला त्यांच्या जागेवर बसवलं. अर्धा तास नुसतं पांढरं होतं, आणि मग काळ्या डोंगरांमधून बर्फाच्या नद्या समुद्रात उतरताना दिसल्या. पाण्यावर बर्फाचे तुकडे तरंगत होते. मी फोटो काढायचे विसरले.

सॅन फ्रान्सिस्कोला तिथल्या १२:०५ला उतरले. शिक्के आणि सामान होऊन बाहेर यायला २:१० झाले. मग जावयांच्या गाडीने सॅन मटेओच्या लांब पुलावरून, दोन्हीकडे पाणी. घरी ३:०५. आपल्याकडे तेव्हा बुधवारचे पहाटे ३:३५.

म्हणजे सांगलीच्या दारातून फ्रीमाँटच्या दारात ४० तास ३५ मिनिटं. तिकिटावर दिसत होते साडेनऊ. ४० तासांत निम्म्याहून कमी वेळ मी आकाशात होते. सर्वांत जास्त दमले ते घाटातल्या गर्दीत आणि सहारच्या खुर्चीवर, विमानात नाही. वारणाकाठ, तुमच्या आईंना तो मधला तास किती लांब वाटला असेल ते मला फ्रँकफर्टला कळलं. तेव्हा त्यांची आठवण आली.

साखर तिन्ही वेळा ठीक होती. आज इथल्या संध्याकाळी साडेसातला लेकीने भाकरी आणि मुगाची आमटी केली होती, सातव्या महिन्यापासून तिला जास्त उभं राहवत नाही तरी. जेवायला बसताना घड्याळात बघितलं तर सकाळचे आठ. डॉक्टरांनी वेगळ्या रंगाने लिहिलेली मात्रा घेतली. आता इथे रात्रीचे ५ मिनिटं कमी नऊ झालेत आणि लेक झोपली आहे. उद्या सकाळचं इन्सुलिन झालं की घड्याळ फिरवीन.